ओल झाकू नका, आधी पाण्याची वाट बंद करा

प्रश्न : आमचं डोंबिवलीत वन बीएचके आहे. चार मजली इमारतीतला दुसरा मजला, इमारत साधारण तीस वर्षांची. बेडरूमची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओली होते. खिडकीखालून कोपऱ्यापर्यंत पोपडे निघतात, पांढरी खारट पूड पडते आणि कपाटामागे काळी बुरशी येते. गेल्या दिवाळीत रंगाऱ्याकडून लांबी (पुट्टी) भरून 'वॉटरप्रूफ' रंग लावून घेतला, तो जुलैत सगळा फुगून आला. आता एक जण म्हणतो, पीव्हीसी पॅनेल ठोकून टाका, ओल दिसणारच नाही. खोली १० बाय १२, उंची साडेनऊ फूट, पश्चिमेची भिंत १० फुटांची. लोखंडी कपाटही गंजलंय, ट्यूबलाइट मंद झालीय, पडदे विटलेत. आम्ही दोघं शनिवार-रविवार हाताने काम करायला तयार आहोत. घरात चार वर्षांची मुलगी आहे. बजेट १२ हजार. नवरात्र तोंडावर आलंय, दिवाळीपर्यंत खोली नीट दिसायला हवी. काय करावं?
— एक वाचक, डोंबिवली

ताई, पॅनेलचा विचार सोडून द्या. ओली भिंत वाळते ती तिच्या पृष्ठभागावरून पाणी हवेत उडून जातं म्हणून. समोर प्लास्टिकचा पडदा उभा केला की ती वाट बंद होते, आणि पाणी पॅनेलच्या वर, बाजूच्या भिंतीत किंवा खाली स्कर्टिंगला डोकं वर काढतं. मागच्या लाकडी पट्ट्या कुजतात आणि बुरशी अंधारात निवांत वाढत राहते. त्याच खोलीत चार वर्षांचं मूल झोपणार आहे. दोन वर्षांनी पॅनेल काढावं लागेल तेव्हा गिलाव्यात ड्रिलची भोकं पडलेली असतील, ती दुरुस्ती आणखी वेगळी.

गेल्या वर्षीचा रंगही याच कारणाने गेला. पाणी बाहेरून येतंय. आतल्या बाजूने लावलेला कुठलाही 'वॉटरप्रूफ' रंग हा पाण्याच्या वाटेच्या शेवटच्या टोकाला लावलेला असतो. विटा आणि गिलाव्यातले क्षार पाण्यात विरघळून पुढे येतात, रंगाच्या थरामागे पाणी सुकतं, क्षारांचे स्फटिक होतात आणि ते फुगताना रंग व लांबी दोन्ही ढकलून देतात. ती पांढरी खारट पूड म्हणजे हेच क्षार, ज्याला आपण लोणा म्हणतो. रंगाचा दर्जा कितीही चांगला असता तरी हेच झालं असतं.

आधीच स्पष्ट सांगतो. दिवाळीला खोली छान दिसेल, पण पश्चिमेच्या भिंतीचा कायमचा रंग या दिवाळीत करू नका. विटांची भिंत पाण्याची वाट बंद झाल्यावरही ढोबळमानाने दर इंच जाडीला महिनाभर या गतीने वाळते. दसरा ते दिवाळी असतात वीस दिवस. ऑक्टोबरचं ऊन कितीही कडक असलं तरी चार महिने भिजलेली भिंत तेवढ्यात आतून वाळत नाही. वरून कोरडी दिसते, आणि तिथेच माणूस फसतो. त्या भिंतीला यंदा चुना द्या. चुन्याच्या थरातून भिंत श्वास घेत राहते, खर्च अगदी थोडा, आणि पांढरीशुभ्र दिसते. पक्का इमल्शन रंग होळीच्या सुमाराला. बाकीच्या तीन भिंती, छत आणि कपाट दिवाळीआधी आरामात होतात.

आता पाणी कुठून येतं ते शोधू या, कारण तुमच्या १२ हजारांचं चीज यावरच होणार आहे.

पहिलं काम पेन्सिलचं. ओलीची कड जिथे संपते तिथे कडेला लागून, कोरड्या बाजूने रेघ ओढा आणि तारीख लिहा. दर शनिवारी पाहा. पाऊस थांबून दोन आठवडे झाले आणि ओल रेघेच्या आत सरकली, तर पाणी पावसाचं. पाऊस नसताना ओल तिथेच राहिली किंवा रेघ ओलांडून बाहेर गेली, तर कुठलातरी नळ किंवा सांडपाण्याचा पाइप गळतोय; मग खिडकीवर पैसे घालवू नका, प्लंबर बोलवा.

दुसरी चाचणी प्लास्टिकची. रंग खरवडून गिलावा उघडा केलेल्या जागी दीड फूट बाय दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने गच्च बंद करा आणि २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले किंवा गिलावा काळपट झाला तर पाणी भिंतीतच आहे. खोलीकडच्या बाजूला दमटपणा दिसला तर हवेतली वाफ गार भिंतीवर जमते आहे. कपाटामागच्या बुरशीत या वाफेचाही हात असू शकतो, कारण भिंतीला चिकटलेल्या कपाटामागे हवा खेळतच नाही. म्हणून हीच चाचणी एकदा कपाटामागे आणि एकदा खिडकीखाली अशा दोन जागी करा.

तिसरं, खाली रस्त्यावर जाऊन मोबाइलचा कॅमेरा झूम करून बाहेरची भिंत नीट पाहा. छज्जा आणि भिंत जिथे मिळतात तिथली भेग, पाइपच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप, एसीच्या नळीसाठी पाडलेलं आणि न बुजवलेलं भोक, पावसाच्या पाइपचा निखळलेला सांधा, या चार जागी हमखास काहीतरी सापडतं. फोटो काढा. बाहेरच्या भिंतीचं काम दोघांनी मिळून करायचं काम नव्हे. खिडकीतून किंवा ग्रिलवर उभं राहून बाहेर वाकायचंच नाही. ते काम दोरीवर उतरणाऱ्या माणसांचं आहे आणि त्याचा खर्चही तुमचा नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती संस्थेने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. घरातल्या संडास, बाथरूम, सिंकची गळती सदस्याच्या खर्चाने. फोटो जोडून सचिवांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचीही चौकशी करा. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ते ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा व्हायला हवं. तुमची इमारत नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. छताच्या स्लॅबमधून गंजलेली सळई दिसत असेल किंवा काँक्रीटचे तुकडे पडत असतील, तर त्याला हात न लावता तेही अर्जात लिहा.

तुम्ही लिहिलंय की ओल खिडकीखालून सुरू होते. त्यामुळे आमचा पहिला संशय खिडकीवर आहे, आणि हे काम तुमच्या हातातलं आहे.

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला छोटी भोकं असतात. पावसाचं पाणी पट्टीत साचतं आणि या भोकांतून बाहेर जातं. धूळ आणि मेलेले किडे साचून ती बुजतात, मग पाणी पट्टी भरून आतल्या बाजूने ओसंडतं आणि चौकटीखालच्या फटीतून थेट भिंतीत उतरतं. जुना टूथब्रश आणि बारीक तार घेऊन पट्टी साफ करा, तांब्याभर पाणी ओता. पाणी लगेच बाहेर गेलं तर भोकं मोकळी झाली.

मग चौकट आणि खालची कडप्प्याची लादी यांच्यामधली फट पाहा. जुनं सिमेंट किंवा सुकलेलं सिलिकॉन पात्याने पूर्ण काढा, जागा पुसून दिवसभर वाळू द्या. सिलिकॉन सीलंट घेताना दुकानदाराला 'न्यूट्रल' मागा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंट व दगडावर नीट धरत नाही आणि धातूलाही खातं. २८० मिलीची एक नळी सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीने सात-आठ मीटर जाते. तुमची खिडकी चार बाय चार फुटांची धरली तर चारही बाजूंनी पाच मीटर होतात, म्हणजे एक नळी पुरते. नळीचं टोक ४५ अंशांत कापा, नळी बसवलेली गन एकसारख्या वेगाने ओढा, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून पट्टी एकदाच दाबत न्या. दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते, त्यानंतर बोट लावलं की पट्टी फाटते. २४ तास पाणी लागू देऊ नका. या कामात लोक एकच मोठी चूक करतात, ती म्हणजे उत्साहात पाणी जायची भोकंही सिलिकॉनने भरून टाकतात. तसं झालं तर पुढचा पावसाळा याहून वाईट जाईल. चौकटीच्या बाहेरच्या बाजूला हात सहज पोचत असेल तेवढंच करा, उरलेलं संस्थेच्या माणसाकडून करून घ्या.

सिलिकॉन पक्कं झालं की परीक्षा घ्या. बाहेर न वाकता, हात पोचेल तिथवरच, बाहेरच्या लादीवर मगाने हळूहळू दहा मिनिटं पाणी सोडा आणि आत दुसऱ्या माणसाने टॉर्च घेऊन पाहायचं. आधी खाली, मग चौकटीच्या बाजूला, शेवटी वर. एकदम वरून पाणी ओतलं तर कुठून शिरलं तेच कळत नाही.

आता भिंत. हात लावण्याआधी एक गोष्ट: त्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल आणि तोही दमट होत असेल, तर इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय तिथे पात्याने खरवडू नका. मेन बंद करूनच काम करा.

मुलीला त्या दिवशी दुसऱ्या घरी ठेवा आणि तोंडाला साधा कापडी नव्हे, एन-९५ मास्क लावा. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरा. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडायचा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा गिलाव्यात जातात आणि महिन्याभरात परत फुटतात. झाडलेली पूड त्याच दिवशी पिशवीत भरून बाहेर टाका. बुरशीसाठी एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर ढवळा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी स्पंजने लावा, पंधरा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. खिडकी उघडी, हातात रबरी मोजे. ब्लीचिंगच्या पाण्यात संडास धुण्याचं अॅसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही; त्यातून क्लोरीनसारखा विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

त्यानंतर जुनी लांबी आणि रंग रंगाऱ्याच्या लोखंडी पट्टीने खरवडून गिलाव्यापर्यंत या. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, पूर्ण शनिवार जाईल, पण चुना फक्त उघड्या गिलाव्यावरच धरतो. जुन्या इमल्शनवर दिलेला चुना आठवड्यात पापडासारखा सुटतो. खरवडून झालं की पट्टीच्या मुठीने सगळीकडे ठोकून पाहा. जिथे पोकळ आवाज येईल तिथला गिलावा विटेपासून सुटलेला आहे. तो पूर्ण काढा, ओलीच्या कडेच्या पुढे आणखी फूटभर.

पाडलेल्या जागी नवा गिलावा एकास चार, म्हणजे एक माप सिमेंट आणि चार मापं वाळू. दहा चौरस फुटांच्या १२ मिलिमीटर जाडीच्या तुकड्याला साधारण ५ किलो सिमेंट आणि २० किलो वाळू लागते. वॉटरप्रूफिंगचं द्रावण ५० किलोच्या पोत्याला २०० मिली या मापाने मिळतं, म्हणजे तुमच्या ५ किलोला २० मिली. जास्त घातल्याने जास्त फायदा होत नाही. वाळूच्या बाबतीत मात्र हट्ट धरा. खाडीची वाळू स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, तिच्यात मीठ असतं. मीठ हवेतून दमटपणा ओढतं आणि तुमच्या भिंतीत नवा लोणा तयार करतं. गोड्या पाण्याची धुतलेली वाळू किंवा प्लास्टरसाठीची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या, चाळून घ्या. विटांमधले सांधे अर्धा इंच खोल खरवडा, जागा पाण्याने भिजवा, सिमेंटचा पातळ घोळ ब्रशने मारा आणि तो ओला असतानाच गिलावा दाबून लावा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. नाही तर बारीक भेगा पडतात आणि बोटाने वाळू सुटते. दहा चौरस फुटांपेक्षा जास्त जागा निघाली तर एका दिवसाचा गवंडी लावा, तिथे पैसे वाचवू नका. आणि कोणी सांगितलं की 'पीओपीने बुजवून टाका, तासाभरात होईल', तर ऐकू नका. पीओपी म्हणजे जिप्सम, पाणी लागलं की ते भुसभुशीत होतं.

चुन्यासाठी कळीचा चुना आणू नका. तो पाण्यात टाकला की उकळतो, अंगावर उडतो. घरात लहान मूल असताना तो धोका कशाला? विरवलेल्या चुन्याची पावडर मिळते, तिचे दोन किलो पुरेसे आहेत. एक किलोला पाच लिटर पाणी या मापाने कालवा, २४ तास मुरू द्या, मग जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या कापडातून गाळा. गाळलेल्या दर लिटरला साधारण ४ ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, म्हणजे कपड्यांना चुना लागत नाही. पांढरेपणा पिवळट वाटू नये म्हणून चिमूटभर नीळ. चुन्याच्या किलोला तीन ग्रॅमपेक्षा जास्त नको, नाही तर भिंत निळी दिसेल. भिंत किंचित ओलसर करून रुंद कुंचल्याने तीन पातळ हात द्या, एक आडवा, एक उभा, पुन्हा आडवा. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. ओला असताना चुना जवळपास पारदर्शक दिसतो, म्हणून माणूस घाबरून जाड थर देतो आणि जाड थराला तडे जातात. धीर धरा, वाळताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पांढरा आणि घट्ट होतो. डोळ्यांना गॉगल हवाच. चुना डोळ्यात गेला तर चोळू नका, वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

नुसती पांढरी भिंत ओकीबोकी वाटत असेल तर जमिनीपासून साडेतीन फुटांपर्यंत तोच चुना गेरू घालून द्या. गेरू लोहयुक्त माती आहे, चुन्याच्या क्षारात तिचा रंग टिकतो. दुकानातल्या बाटलीतले बरेच चटकदार रंग चुन्यात उडून जातात. गेरूचा पट्टा आणि वर पांढरं, ही जुन्या घरांची जोडी आजही अतिशय सुंदर दिसते, आणि त्यावर मुलीबरोबर बसून तांदळाच्या पिठीने दोन वारली आकृत्या काढायला कोणाची हरकत?

बाकी तीन भिंतींचं गणित असं. १२, १२ आणि १० मिळून ३४ फूट, गुणिले साडेनऊ, म्हणजे ३२३ चौरस फूट. दाराचे २१ वजा करून साधारण ३००. साध्या इमल्शनचा एक लिटर नवशिक्या हातात दोन थरांना साधारण १०० चौरस फूट जातो. तीन लिटर लागतील. चार लिटरचा डबा घ्या, तो सुट्या डब्यांपेक्षा स्वस्त पडतो. छत १२० चौरस फूट, जुना रंग धड असेल तर पांढऱ्याचा एक हात बास, एक लिटरमध्ये होतो. छतावर तपकिरी वर्तुळ असेल तर आधी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी बोला. त्यावर रंग लावला तरी डाग वर येतो.

पैसे वाचवायची खरी जागा इथे आहे. रंगारी बहुतेक वेळा पूर्ण भिंतीला लांबी आणि पूर्ण भिंतीला प्रायमर सांगतात. धड असलेल्या जुन्या इमल्शनवर दोन्हींची गरज नसते. तळहाताने भिंत घासून पाहा. पांढरी पूड आली तर तो डिस्टेंपर आहे, ओल्या स्पंजने धुऊन काढावा लागेल आणि मग पूर्ण प्रायमर. पूड आली नाही तर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्याने ओढा. रंग सोबत आला नाही तर भिंत तयार आहे. फक्त खड्डे, खिळ्यांची भोकं आणि भेगा भरा. त्यासाठी पाच किलोची लांबीची पिशवी रग्गड झाली. किलोला ३५० ते ४०० मिली पाणी, गुठळ्या मोडून दहा मिनिटं ठेवून पुन्हा ढवळा, आणि दोन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट झालेल्या लांबीत पाणी घालून ती परत सैल करायची नाही, ती नंतर पूड होऊन झडते. एका थरात दीड मिलिमीटरपेक्षा जास्त चढवू नका. खोल खड्डा दोन-तीन वेळा भरा. पांढऱ्या सिमेंटची लांबी फक्त खरवडलेल्या गिलाव्यावर धरते, जुन्या रंगावर पातळ पसरायची असेल तर डब्यातली तयार अॅक्रिलिक लांबी घ्या. वाळल्यावर १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि फक्त त्या ठिगळांवर प्रायमर लावा. प्रायमर चुकवला तर लांबी रंग शोषते आणि प्रत्येक ठिगळ भिंतीवर उठून दिसतं.

रंग देताना आधी छत, मग भिंती. एका वेळी एकच भिंत. कडा अडीच इंची ब्रशने काढा आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवा. चारही भिंतींच्या कडा आधी काढून ठेवल्या तर त्या वाळतात आणि नंतर प्रत्येक भिंतीला गडद चौकट दिसते. वाळत आलेल्या भागावर पुन्हा रोलर नेऊ नका, पट्टे उमटतात. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. रंग पुरवायचा म्हणून जास्त पाणी घातलं की तिसरा हात द्यावा लागतो आणि बचत तिथेच संपते. दोन हातांमध्ये चार तास. रंग फिका आणि मॅट घ्या. गडद आणि चकचकीत रंग भिंतीची प्रत्येक उंचसखल जागा दाखवतो, विशेषतः खिडकीतून तिरपा उजेड पडतो तिथे.

कपाटाचं काम गॅलरीत किंवा दार-खिडक्या उघड्या ठेवून करा. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आहे. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते घातक आहे. म्हणून जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. पाण्यात भिजवायचा पॉलिश पेपर वापरा, चिखल फडक्याने पुसून फडकं टाकून द्या. गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत काढा, लगेच पुसून पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) लावा. रात्रभर उघडं ठेवलं तर दमट हवेत पुन्हा गंज धरतो. दुसऱ्या दिवशी ३२० नंबरचा हलका हात, मग ऑइलपेंटचे दोन पातळ थर, मध्ये एक दिवस. साडेसहा फुटी कपाटाच्या बाहेरच्या बाजू साधारण ४३ चौरस फूट होतात. अर्धा लिटर काठावर पुरेल, सोबत २०० मिलीची डबी घेऊन ठेवा. ओघळ येतात ते जाड थरामुळे. कपाट परत ठेवताना पूर्वेच्या किंवा दोन खोल्यांमधल्या भिंतीला ठेवा. पश्चिमेलाच ठेवावं लागलं तर भिंतीपासून चार इंच पुढे.

ट्यूबलाइट बदलून २० वॅटची एलईडी बॅटन लावा. जुन्या चोकसकट ट्यूब साधारण ४५ ते ५० वॅट खाते, तेव्हा बिलातही फरक दिसेल. मेन बंद करून काम करा, कारण जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी भिंतीवरचा स्विच फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तोडत नाही. वायरचं आवरण हाताने मोडत असेल तर थांबा, इलेक्ट्रिशियन बोलवा.

पडद्यांसाठी एक जुनी सुती साडी पुरते. साडेपाच मीटरचे पावणेदोन मीटरचे तीन तुकडे निघतात. दोन खिडकीला, तिसऱ्याच्या झालरी किंवा उशांचे अभ्रे. काठ आपोआप उभ्या कडांना येतात, त्यामुळे बाजूला शिवण घालायची गरज नाही, फक्त वर दांडीसाठी नळी आणि खाली दुमड. पश्चिमेचं ऊन रंग लवकर उडवतं, म्हणून मागे जुन्या पांढऱ्या चादरीचं अस्तर लावा.

पैशांची वाटणी आम्ही अशी करू : खिडकी, गिलावा, चुना आणि हत्यारांसाठी ४ हजार, तीन भिंती आणि छत ३ हजार, कपाट हजार, दिवा आणि पडद्याची शिवण हजार. उरलेले ३ हजार होळीपर्यंत तसेच ठेवा. तेव्हा पेन्सिलची रेघ पाहा, प्लास्टिकची चाचणी परत घ्या. प्लास्टिक कोरडं निघालं तर चुना तारेच्या ब्रशने पूर्ण झाडून, ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर प्रायमरचा एक आणि इमल्शनचे दोन हात द्या. बाहेरची दुरुस्ती तोवर संस्थेने केली नसेल तर रंग करू नका, आणखी एक वर्ष चुनाच राहू दे.

उरलेला लिटरभर रंग घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत काठोकाठ भरा, कारण आत हवा राहिली की वर साय धरते. बाटलीवर रंगाचं नाव, शेड नंबर आणि तारीख लिहा. दोन-तीन वर्षांनी कोपऱ्याला धक्का लागून रंग गेला तर नेमकी तीच छटा हाताशी असेल.